नेमबाजीचे हुकलेले वर्ष



या वर्षी व्याख्यानासाठी नेमबाजीचा विषय आम्ही सुचविला, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, "अहो, मेढ्याला नेमबाजी कशाला? कुस्तीवर बोला, लोक जागचे हलणार नाहीत." त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. जावळीच्या खोऱ्यात बंदूक ठाऊक आहे ती दोन प्रकारची. एक शिपायाची. आपल्या जिल्ह्यातले अपशिंगे हे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते, आणि फौजेत गेलेला एखादा तरी पुरुष ज्या घराण्यात नाही असे घराणे या मुलुखात शोधावे लागेल. दुसरी बंदूक राखणीची; रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त करू नये म्हणून परवाना काढून ठेवलेली. तिसरी एक बंदूक असते, ती कोणाला मारीत नाही आणि कशाची राखणही करीत नाही. ती फक्त कागदावरच्या एका ठिपक्याचा वेध घेते. त्या तिसऱ्या बंदुकीविषयी, आणि एका साथीने ती वर्षभर कशी मुकी करून टाकली त्याविषयी, आज आम्हांला बोलायचे आहे.

इतिहास हा घडलेल्या गोष्टींचा लिहायचा असतो, अशी आपली समजूत आहे. लढाई झाली, तह झाला, राज्याभिषेक झाला. त्याची तिथी आपण पाठ करतो. परंतु जे व्हायचे होते आणि झाले नाही, त्याचाही इतिहास असतो. २०२० सालचे नेमबाजीचे सामने हा असाच न झालेल्या गोष्टींचा इतिहास आहे. त्यात आपल्या दक्षिण महाराष्ट्रातली माणसे गुंतलेली आहेत, म्हणून तो आपल्या घरचाही आहे.

प्रथम हा खेळ काय आहे ते पाहू. लांबून पाहणाराला त्यात काहीच घडताना दिसत नाही. एक माणूस उभा राहतो, हत्यार उचलतो, बराच वेळ स्तब्ध असतो आणि एक बारीकसा आवाज होतो. एवढेच. परंतु त्या स्तब्धतेत काय चालले असते ते समजून घेतले पाहिजे. पन्नास मीटरांवरच्या रायफलीच्या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ असते अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढे. गोळी ५.६ मिलिमीटरची. गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन आसनांत ही स्पर्धा होते. दहा मीटरांवरच्या हवेच्या रायफलीत तर दहा गुणांचे ठिकाण म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा एक टिंब. नाडीचा ठोका पडला तरी नळीचे टोक हलते. म्हणून श्वास अर्धा सोडून रोखायचा आणि दोन ठोक्यांच्या मध्ये चाप ओढायचा, असा हा अभ्यास.

महिलांच्या २५ मीटर पिस्तुलाच्या स्पर्धेत साठ गोळ्या असतात. पहिल्या तीस सावकाश. पुढच्या तीस गोळ्यांच्या वेळी हात खाली झुकवून उभे राहायचे. लक्ष्य तीन सेकंद खुले होते, तेवढ्यात हात उचलून, नेम धरून, एक गोळी झाडायची. मग सात सेकंदांची विश्रांती आणि पुन्हा तेच. तीन सेकंद म्हणजे किती, तर 'जय भवानी' हे शब्द जरा सावकाश दोनदा म्हणावेत एवढा वेळ. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही, अंगबळाने तर मुळीच येत नाही. ते रोजच्या सरावाने येते, आणि सराव तुटला की हातातून निसटू लागते. पहिलवानाला तालीम बंद झाली तर शेतावर जोर-बैठका तरी काढता येतात. नेमबाजाची गोळी मात्र परवान्याच्या, बंदोबस्ताच्या, मोजून आखलेल्या जागेतच सुटू शकते. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचा सारा प्रकार उलगडेल.

आता साथीकडे वळू. साथ आपल्या मुलुखाला नवी नाही. १८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकट झाला आणि पाहता पाहता तो घाटावर चढला. गावेच्या गावे ओस पडली. माणसे माळावर झोपड्या घालून राहिली. १८९७ साली सरकारने साथरोगांचा कायदा केला. त्या कायद्याच्या जोरावर पुण्यात जे अत्याचार झाले आणि त्यांतून २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंच्या हातून जे घडले, ते आपणांस सांगण्याची गरज नाही. सांगायचे ते निराळेच आहे. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने कोरोनाच्या साथीसाठी जो कायदा लागू केला, तो हाच, १८९७ चा! सव्वाशे वर्षांपूर्वी उंदरांच्या साथीसाठी लिहिलेले कलम आपल्या बाजाराला, शाळेला आणि खेळाच्या मैदानाला पुन्हा एकदा लागले.

दुसरी मोठी साथ १९१८ च्या इन्फ्लुएंझाची. पहिले महायुद्ध संपत आले होते, बोटी येत-जात होत्या, आणि त्या वर्षीच्या जून महिन्यात मुंबईच्या गोदीच्या बाजूने हा ताप शिरला. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे त्यात गेली. अशा वेळी खेळाचा विचार कोणाला सुचणार? पण सुचला. साथ ओसरते न ओसरते तोच, १९१९ साली, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहून जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांच्या मनात आले की, ही खेड्यांतली पोरे अनवाणी एवढी पळतात, तर त्यांना ऑलिंपिकला का पाठवू नये? आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचे पहिले पथक गेले. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, साताऱ्याचे दातार होते, कोल्हापूरचे शिंदे कुस्तीसाठी होते. शिंदे तर चौथ्या स्थानापर्यंत पोचले. म्हणजे आपल्या देशाचा ऑलिंपिकमधला पहिला संघटित प्रवेश एका भयंकर साथीच्या पाठोपाठ झाला आहे, आणि त्याची मुळे सह्याद्रीच्या या अंगाला आहेत. साथीनंतर खेळ पुन्हा उभा राहतो, असे आम्ही पुढे म्हणणार आहोत. ते नुसते धीर देण्याचे बोलणे नव्हे, त्याला हा दाखला आहे.

आता २०२० साल. नेमबाजीच्या जागतिक स्पर्धांपैकी एक विश्वचषक स्पर्धा त्या वर्षी दिल्लीत, डॉ. कर्णीसिंग यांच्या नावाच्या मैदानावर, १५ मार्चपासून व्हायची होती. टोकियोचे ऑलिंपिक जुलैमध्ये होते, त्यापूर्वीची ही मोठी परीक्षा. फेब्रुवारीच्या अखेरीस चीनसह काही देशांनी आपण येत नाही असे कळविले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात स्पर्धाच पुढे ढकलली गेली. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने ही जगभरची साथ असल्याचे जाहीर केले. २४ मार्चला ऑलिंपिक एक वर्षाने लांबणीवर पडले, आणि त्याच रात्रीपासून आपल्या देशाची दारे बंद झाली. दिल्लीची स्पर्धा मे महिन्यात घेऊ असे म्हटले होते. एप्रिलमध्ये तीही रद्द झाली. जूनची म्युनिकची स्पर्धाही झाली नाही. १९१६, १९४० आणि १९४४ ही ऑलिंपिके युद्धापायी बुडाली होती. रोगापायी ऑलिंपिक पुढे ढकलले गेले ते प्रथमच.

या तारखा कोरड्या वाटतात. त्यांच्यामागे माणसे उभी केली म्हणजे त्यांचे वजन कळते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांचे उदाहरण घ्या. २००६ साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल सामन्यांत त्यांनी सुवर्णपदके मिळविली. २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर रायफलीच्या पालथ्या आसनातल्या स्पर्धेत त्या जगज्जेत्या झाल्या. नेमबाजीत जगज्जेतेपद मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. एवढे असून ऑलिंपिक मात्र त्यांना लाभत नव्हते. २००८ गेले, २०१२ गेले, २०१६ गेले. अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये दोहा येथे चौथे स्थान मिळवून त्यांनी देशासाठी ऑलिंपिकची जागा पटकावली, तेव्हा त्यांचे वय एकोणचाळीस होते. बारा वर्षे ज्या दाराशी थांबावे ते दार उघडते, आणि आत पाऊल टाकणार तोच एक वर्षासाठी पुन्हा लागते! विशीतल्या मुलीला एक वर्ष म्हणजे वाढीचे वर्ष. चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या खेळाडूला ते हिशेबातून वजा होणारे वर्ष असते. साथीने सर्वांना सारखेच थांबविले हे खरे. पण थांबण्याची किंमत सर्वांना सारखी पडली नाही.

दुसरे नाव राही सरनोबत यांचे, त्याही कोल्हापूरच्याच. २०१३ साली कोरियातील चांगवॉनला पिस्तुलात विश्वचषकाचे सुवर्णपदक त्यांनी मिळविले. मध्यंतरी कोपराच्या दुखापतीने त्या मागे पडल्या. परंतु २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई सामन्यांत त्यांनी सोने जिंकले. आशियाई सामन्यांत नेमबाजीचे सोने जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. २०१९ च्या मे महिन्यात म्युनिकला पुन्हा सोने, आणि त्याबरोबर टोकियोची जागा. म्हणजे २०२० उजाडले तेव्हा त्यांचा हात ऐन बहरात होता. बहर मात्र पंचांग पाहून थांबत नाही.

टाळेबंदीत नेमबाजांनी काय केले? मैदाने बंद होती. ज्यांच्याकडे हवेची हत्यारे होती आणि दहा मीटरांची जागा होती त्यांनी घरातच भिंतीशी लक्ष्य टांगले. पंचवीस आणि पन्नास मीटरवाल्यांना ती सोय नव्हती. बारुदाची गोळी घरात झाडता येत नाही. त्यांना उरला तो रिकाम्या बंदुकीचा सराव. हत्यार उचलायचे, नेम धरायचा, श्वास रोखायचा, चाप ओढायचा; गोळी नाही, आवाज नाही, गुण नाहीत. आपल्या मनालाच विचारायचे की, नेम लागला असता का? पाटीवर न उमटणारी अक्षरे गिरवीत बसावे, तसा हा अभ्यास. एप्रिल २०२० मध्ये भारताचे माजी नेमबाज शिमोन शरीफ यांनी एक निराळाच प्रयोग केला. देशोदेशींच्या नेमबाजांनी आपापल्या घरातून नेम मारायचा, आणि यंत्रावर उमटलेले गुण दूरसंपर्काने एकत्र पाहायचे, अशी स्पर्धा त्यांनी भरविली. तिच्यात आपल्या मनू भाकर यांच्यासारखे नामवंत उतरले. त्या गुणांना विक्रमाच्या वहीत जागा नव्हती. परंतु कोणी तरी आपल्याबरोबर नेम धरून उभे आहे, ही भावना त्या दिवसांत लहान गोष्ट नव्हती. त्याच वर्षी आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या, हे आपण पाहिले आहे. लोणंद-फलटणचा रस्ता टाळमृदंगाविना तसाच पडून राहिला. वारी चुकू नये म्हणून वारकऱ्यांनी जे पत्करले, त्याच जातीचे हे होते.

२०२१ च्या मार्चमध्ये दिल्लीची स्पर्धा अखेर भरली. भारताने तीत तीस पदके मिळविली, त्यांत पंधरा सुवर्ण. २५ मीटर पिस्तुलात तिन्ही पदके आपल्याच मुलींना: चिंकी यादव पहिल्या, राही सरनोबत दुसऱ्या, मनू भाकर तिसऱ्या. चिंकी आणि राही यांचे बत्तीस-बत्तीस गुण झाले होते आणि निकाल जादा फेरीवर लागला. तेजस्विनी सावंत यांनी संजीव राजपूत यांच्या जोडीने मिश्र स्पर्धेत सोने घेतले. देश हरखून गेला. तथापि ह्या यशाकडे आज पाहताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: साथीमुळे कित्येक बलाढ्य देशांची पथके आलीच नव्हती. पदके खरी होती. मोजमाप अपुरे होते.

आणि मग दुसरी लाट आली. ती कशी होती हे आम्ही सातारकरांना सांगावे असे नाही. ज्या घरांनी ती सोसली ती घरे या सभेतही असतील. चांगवॉन आणि बाकू येथील स्पर्धा रद्द झाल्या. देशात सराव अशक्य दिसू लागला, तेव्हा ११ मे २०२१ रोजी ऑलिंपिकचे पथक खास विमानाने क्रोएशियाला नेण्यात आले. एड्रियाटिक समुद्राच्या त्या छोट्या देशात आपले नेमबाज दोन महिन्यांहून अधिक काळ राहिले आणि तेथूनच परस्पर टोकियोला गेले. घरची माणसे रोगाच्या छायेत, आणि आपण हजारो कोस दूर. अशा मनाने चाप ओढायचा. २८ जूनला ओसियेक या गावी राही सरनोबत यांनी विश्वचषकाचे सोने पटकावले. अंतिम फेरीत पन्नासांपैकी एकोणचाळीस नेम अचूक. टोकियोला महिनाही उरला नव्हता. आता पदक नक्की, असे सर्वांना वाटले.

टोकियोत पंधरा भारतीय नेमबाज उतरले, एवढे पूर्वी कधीच गेले नव्हते. वैयक्तिक स्पर्धेत अंतिम फेरी गाठली ती एकट्या सौरभ चौधरी यांनी. पदक एकही नाही. राही आणि तेजस्विनी दोघीही प्राथमिक फेरीतच थांबल्या. प्रेक्षकांवाचून भरलेल्या त्या ऑलिंपिकमधून आपले पथक रित्या हाताने परतले, आणि मग टीकेचा भडिमार झाला.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने जरा थांबले पाहिजे. अपयशाचे खापर साथीवर फोडणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. साथ सर्व देशांना होती. चीनच्या नेमबाजांनी त्याच टोकियोत पदके लुटली. खेळाडूंची मने कमकुवत होती असे म्हणणेही सोपे, आणि तेही पुरते खरे नाही; ज्या हाताने जूनमध्ये एकोणचाळीस नेम साधले तो हात जुलैत दुबळा कसा होईल? आम्हांला असे वाटते की, साथीने या खेळातले एक साधे गणित मोडले. खेळाडू वर्षभरात अनेक स्पर्धा खेळतो, कोठे हरतो, कोठे जिंकतो, आणि त्या चढउतारातून मोठ्या दिवसाची तयारी होते. ती शिडीच काढून घेतली गेली. मधल्या पायऱ्या नाहीत आणि एकदम माडीवर उडी घ्यायची! दिल्लीच्या अपुऱ्या मोजमापाने आशा मात्र भलत्याच वाढल्या होत्या. परदेशातल्या दीर्घ मुक्कामाने शरीराचे रक्षण झाले, पण मन घरी अडकले असेल तर त्याला दोष कोणी द्यावा? या कारणांपैकी कोणत्याचा वाटा किती, हे तराजूत घालून सांगता येणार नाही. म्हणूनच एका दिवसाच्या गुणपत्रिकेवरून माणसाची किंमत ठरविण्याची घाई करू नये.

आपल्या जिल्ह्याचाही एक नेमबाज त्या टोकियोत होता, मात्र धनुष्यबाणाचा. फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव. २०१९ साली ज्या संघाने नेदरलँड्समध्ये रौप्यपदक मिळवून टोकियोची जागा घेतली, त्यात ते होते. टोकियोत पहिल्याच फेरीत त्यांनी जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या रशियन धनुर्धराला हरविले. पुढे अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनपुढे ते थांबले. पदक नाही, पण सरड्याच्या पोराने साथीच्या वर्षात तेवढे केले, हे सातारा जिल्ह्याने विसरू नये. दोनच वर्षांनी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, साताऱ्याची आदिती स्वामी बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी धनुर्विद्येत जगज्जेती झाली.

बंदुकीच्या नेमबाजीचे पुढे काय झाले? १९१८ नंतर जे झाले तेच. २०२२ साली कैरोला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील अठराव्या वर्षी हवेच्या रायफलीत जगज्जेता झाला. त्याच कैरोत राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी चौथे स्थान मिळवून देशाला ऑलिंपिकची जागा मिळवून दिली. टोकियोच्या संघात त्यांना स्थान नव्हते. ते वर्ष त्यांनी वाट पाहण्यात काढले होते. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला, तीन आसनांच्या त्या कठीण स्पर्धेत, ४५१.४ गुण मिळवून त्यांनी कांस्यपदक जिंकले. आणि महाराष्ट्रातल्या लोकांना एकदम आठवले ते आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकीत खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, त्याला बहात्तर वर्षे झाली होती. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक हे पहिलेच. खाशाबांच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले होते. त्या काळी खेळाडूची वाट पैशावाचून अडे. २०२० साली ती रोगाने अडली. दोन्ही वेळा मागे कोणी तरी उभे राहिले, म्हणून खेळ पुढे गेला.

मग २०२० हे वर्ष वाया गेले काय? स्वप्निलच्या बाजूने पाहिले तर नाही. तेजस्विनींच्या बाजूने पाहिले तर त्याचे उत्तर इतके सरळ नाही. चाळीसाव्या वर्षी का होईना, त्या ऑलिंपिकच्या मैदानावर उभ्या राहिल्या, हे त्यांनी साथीच्या हातून हिसकावून घेतले. विजेत्यांचीच नावे कोरणारा इतिहास ह्या दोन गोष्टींतला फरक कधीच सांगू शकणार नाही.

शेवटी एक विनंती करून थांबतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपल्या खोऱ्यातल्या गावोगावच्या जत्रा भरल्या नाहीत, कुस्त्यांचे फड लागले नाहीत. त्या दोन हंगामांत कोणता पहिलवान ऐन उमेदीत होता, कोणी खुराक परवडेना म्हणून तालीम सोडली, शाळेच्या कोणत्या मुलीची जिल्ह्याची शर्यत हुकली, याची नोंद कोठेही नाही. कारण जे झाले नाही त्याची नोंद कोण ठेवणार? नोंदवहीत ती दोन पाने कोरी आहेत. आपल्या शाळांनी, तालमींनी, वाचनालयांनी ती पाने आता भरावीत. ज्यांना आठवते ते आज आपल्यात आहेत. त्यांची नावे विचारावीत आणि लिहून ठेवावीत. दिल्ली-टोकियोच्या नोंदी दुसरे कोणी तरी ठेवतील. मेढ्याच्या नोंदी मेढेकरांनीच ठेवल्या पाहिजेत.